किल्ली खाली ठेव

आधी ती किल्ली खाली ठेव. गिटार मांडीवर घेऊ नकोस, टेबलावर आडवी ठेव, नेकखाली टॉवेलची घडी घे. आता बस. आज वाजवायचं नाही.

डोंबिवलीहून भर पावसात, लोकलच्या गर्दीत एवढं लांबलचक ओझं पाठीवर सांभाळत आलास, स्टेशनपासून टेंभी नाक्यापर्यंत भिजत चालत आलास आणि दारात चप्पल काढता काढता म्हणालास, "ताई, कंपनीनं खराब पीस पाठवलाय." हे वाक्य माझ्यापुढे पुन्हा बोलायचं नाहीस. पंधरा दिवसांपूर्वी हीच आठतारी गिटार खोक्यातून काढून तू इथे आणली होतीस. मी स्वतः ती वाजवून पाहिली आहे. आठवी तार मोकळी छेडली, पाचव्या फ्रेटवर दाबली, बाराव्यावर दाबली. कुठेही खरखर नव्हती. ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, थोडी जास्त होती, कारखान्यातून येते तशी. मी तुला म्हटलं होतं, महिनाभर अशीच वाजव, हाताला ओळख होऊ दे, मग आपण सेटअप करू. तू मान डोलावलीस. आणि घरी जाऊन काय केलंस?

मघाशी जे जे सांगितलंस ते तुला क्रमानं परत ऐकवते, कारण सांगताना तुला त्यातलं काहीच खटकलं नाही. पहिल्याच रात्री आठवी तार एफ शार्पवरून खाली ई वर आणलीस. ती फ्रेटवर आपटायला लागली म्हणून ब्रिजवरचं सॅडल उचललंस. सॅडल उचलल्यावर वरच्या फ्रेटवर बोट दाबायला जड जाऊ लागलं म्हणून ट्रस रॉड आवळलास, एकदम अर्धा फेरा. मग पहिल्या चार-पाच फ्रेटवर सगळ्याच तारा खरखरायला लागल्या. त्यावर उपाय म्हणून ८० गेजची जाड तार आणलीस. ती नटच्या खाचेत बसेना, तर हार्डवेअरच्या दुकानातून कानस आणून खाच घासलीस. आता मोकळी तारही खरखरते आणि बाराव्या फ्रेटवर सूर लागत नाही. यातली प्रत्येक गोष्ट तू आधीच्या गोष्टीनं झालेलं नुकसान झाकायला केलीस.

आता मला सांग. सुरुवात केलीस तेव्हा सॅडल किती उंचीवर होतं? नेकला बाक किती होता? नटची खाच किती खोल होती? कुठे लिहून ठेवलंस? साधा फोटो तरी काढलास? नाही. मग परत कुठे यायचं हे तुला कळणार कसं? माझा राग त्याचा आहे. तू स्वतः शिकू पाहतोस याचा मला आनंदच आहे, स्वतःचं वाद्य लावता येत नाही त्याला मी वादक म्हणत नाही. पण ज्या जागेवरून निघालास त्या जागेची खूण ठेवली नाहीस, आणि वाट चुकल्यावर दोष वाद्यावर टाकलास.

पहिल्या चुकीपाशी जरा थांबू, कारण बाकीच्या सगळ्या तिच्या पोटातून आल्या. बारावीच्या प्रॅक्टिकलला सोनोमीटर केला होतास ना? लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेली तार, टोकाला वजनं, तारेवर कागदाचा एवढासा तुकडा. सूर जुळला की तो तुकडा उडून पडायचा. मार्क मिळाले आणि विसरलास. तारेची लांबी आणि जाडी तीच असेल तर ताण कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो, हाच तो नियम. आठव्या तारेचा एफ शार्प म्हणजे सेकंदाला ४६.२५ कंपनं. ई म्हणजे ४१.२. भागाकार कर, त्याचा वर्ग कर. ०.७९ येतं. म्हणजे एक पूर्ण स्वर खाली उतरताना तारेतला वीस टक्के ताण तू काढून घेतलास. ढिली तार जास्त रुंद हेलकावे घेते आणि फ्रेटला जाऊन लागते. त्यात नेकचा काय दोष, सॅडलचा काय दोष?

तुझ्या गिटारीची स्केल, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंतची तारेची लांबी, २७ इंच का आहे, याचा कधी विचार केलास? फेंडर पद्धतीच्या साध्या सहा तारांच्या गिटारीची स्केल साडेपंचवीस इंच असते. तिथे दीड इंच वाढवला की त्याच तारेत, त्याच सुराला बारा टक्के जास्त ताण येतो. खालचा सूर घट्ट राहावा, त्याचा चिखल होऊ नये, म्हणून बनवणाऱ्यानं दीड इंच लाकूड वाढवलं. ते बारा टक्के तर तू गमावलेसच, वर आणखी घालवलेस, आणि तेही एका रात्रीत, खुंटी पिळून.

८० ची तार घेणं चूक नव्हतं, हेही सांगते. तुझ्या मूळच्या ७४ गेजच्या तारेला एफ शार्पवर जो ताण होता तोच ई वर हवा असेल तर हिशेबानं ८३ च्या आसपासची तार लागते. म्हणजे तुझं उत्तर बरोबर उत्तराच्या जवळ होतं, पण ते तुला सगळी मोडतोड झाल्यावर सुचलं. आधी सूर ठरवायचा. मग त्या सुराला साजेशी तार निवडायची. आठही तारा चढवून सुरात आणायच्या, रात्रभर तशाच राहू द्यायच्या, सकाळी पुन्हा सुरात आणायच्या. त्यानंतर नेककडे बघायचं, मग नट, मग सॅडलची उंची, आणि सगळ्यात शेवटी इंटोनेशन. हा क्रम कोणाच्या लहरीवर ठरलेला नाही. यातलं आधीचं हललं की नंतरचं सगळं हलतं, म्हणून तो असा आहे.

तू ज्यांच्यासारखा आवाज हवा म्हणतोस, त्या मेशुगा बँडचंच बघ. २००२ मध्ये त्यांनी 'नथिंग' काढला तेव्हा त्यांच्या आठतारी गिटारी हव्या तशा लागत नव्हत्या. मग त्यांनी सात तारांच्या गिटारी खाली उतरवून रेकॉर्डिंग केलं. पुढे मनासारख्या आठतारी गिटारी हाती आल्यावर गिटारीचे भाग पुन्हा वाजवले आणि २००६ मध्ये तोच अल्बम नव्यानं काढला. ज्यांच्याकडे बघून जगभरची पोरं आठवी तार चढवतात, ते वाद्य नीट लागेपर्यंत चार वर्षं त्या कामाला चिकटून राहिले. तुला एक रात्र थांबवलं नाही. आणि हे वाद्य तरी किती जुनं? स्टीव्ह वाय यांच्याबरोबर घडवलेली आयबानेझची सात तारांची गिटार १९९० ची. आयबानेझची कारखान्यात बनणारी आठतारी बाजारात आली २००७ मध्ये. तुझ्यापेक्षाही लहान आहे ती. सतारीमागे, व्हायोलिनमागे पिढ्यांचे ठोकताळे उभे आहेत. इथे ते अजून तयार होत आहेत, म्हणून इथे प्रत्येकाला स्वतः मोजावं लागतं.

आता ट्रस रॉड. तो ॲक्शन वर-खाली करायचा स्क्रू नव्हे. सहा तारांच्या गिटारीच्या वेळी हे मी तुला दोनदा सांगितलं आहे, आज तिसऱ्यांदा सांगते आणि चौथ्यांदा सांगणार नाही. गिब्सनमधल्या थॅडिअस मॅकह्यू यांना १९२३ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. तारांच्या ओढीनं नेक पुढे वाकते, त्या ओढीला आतून तोल द्यायला तो लोखंडी दांडा आहे. तुझ्या आठ तारांची मिळून ओढ साठ किलोच्या आसपास असते. एक धडधाकट माणूस रात्रंदिवस त्या नेकला लोंबकळतोय असं समज. त्या ओढीखाली नेकला अगदी किंचित बाक हवाच, कारण तार मधोमध सगळ्यात जास्त हेलकावते आणि तिला तेवढी जागा लागते. तू ती जागाच पुसून टाकलीस. पहिल्या पाच फ्रेटची खरखर तिथून आली.

बाक मोजायचा कसा? पहिल्या फ्रेटवर कॅपो. नेक जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर बोट. मग आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यामधली फट मोजायची, पाव मिलिमीटरच्या आसपास असावी. त्यासाठी लागते ती पात्यांची जुडी, फीलर गेज, गॅरेजमधला मेकॅनिक बाइकचे टॅपेट सेट करताना वापरतो तीच. स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळते. रॉड फिरवायची वेळ आलीच तर एक अष्टमांश फेरा. फिरवला की गिटार पुन्हा सुरात लावायची, कारण नेक हलली की आठही तारांचे सूर हलतात. पुन्हा मोजायचं. मग दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. लाकूड सावकाश बसतं.

किल्ली मी आल्या आल्या का ठेवायला लावली, तेही ऐक. मी एकोणीस वर्षांची असताना एका ओळखीच्या माणसाची गिटार लावून देते म्हणाले आणि इंचाच्या बोल्टला मिलिमीटरची किल्ली लावली. किल्ली जवळपास बसत होती. जोर लावला आणि बोल्टच्या आतले कोपरे गेले. पुढचं वर्षभर माझ्या शिकवणीचे पैसे त्या गिटारीचं देणं फेडण्यात गेले, आणि त्या माणसानं पुन्हा कधी माझ्या हातात वाद्य दिलं नाही. त्याचं बरोबर होतं. तुझी ही किल्ली सायकलच्या किटमधली आहे. बोल्टात घालून बघ, हलते. अर्धा फेरा फिरूनही कोपरे शाबूत राहिले हे तुझं नशीब. नशिबावर वाद्य लावत नाहीत.

नटचं मला सगळ्यात जास्त लागलं. बाकीचं सगळं उलटं फिरवून परत आणता येईल. सॅडल खाली येईल, रॉड सैल होईल, तार उतरेल. घासलेली खाच परत येत नाही. ७४ ची तार म्हणजे १.८८ मिलिमीटर, ८० ची म्हणजे २.०३. तुला फक्त पंधरा शतांश मिलिमीटर रुंदी हवी होती. तू लोखंड घासायची सपाट कानस घेऊन खोली वाढवलीस. खाचेचा तळ गोल हवा, तारेच्या जाडीचा हवा, आणि खुंट्यांच्या बाजूला उतरता हवा, म्हणजे तार फ्रेटबोर्डकडच्या कडेवर टेकते. तुझ्या खाचेत तार मधेच कुठेतरी टेकते आणि उरलेल्या जागेत थरथरते. तिसऱ्या फ्रेटवर दाब आणि पहिल्या फ्रेटकडे बघ. तिथे केसाएवढी फट दिसायला हवी. दिसते? तार फ्रेटवर लोळते आहे.

त्या कोपऱ्यात माझ्या आजीचा तानपुरा आहे, मिरजेचा. हत्यारांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्यं बनवू लागले, फरीदसाहेबांपासून ती परंपरा सांगतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी शाळेत असताना आजी मला घेऊन जव्हारी काढून आणायला तिथे गेली होती. कारागीर घोडीवर कानशीचे दोन हात मारायचे, तार चढवायचे, छेडायचे, कान जवळ न्यायचे, तार उतरवायचे, पुन्हा एक हात. कधी कधी तार चढवून नुसतेच ऐकत बसायचे आणि काहीच न करता पुढच्या तारेकडे वळायचे. मला कंटाळा आला. मी विचारलं, एकदाच का नाही घासत? ते म्हणाले, हाड घासता येतं बेटा, भरता येत नाही. चार तारांना सबंध सकाळ गेली. घरी आल्यावर आजी तारेखालचं सूत केसभर सरकवायची, पण त्याआधी ते कुठे आहे ते बोटानं चाचपून घ्यायची. आवाज नाही खुलला तर सूत पुन्हा तिथेच आणायची. मी तुला जे सांगते आहे ते मला गिटारीनं शिकवलं नाही, त्या सुतानं शिकवलं.

हे बैठकीच्या गाण्याचं सोवळं आहे असं समजू नकोस. गणपती-नवरात्रात याच रस्त्यावर बेंजोवाले येतात. आपण बेंजो म्हणतो ते खरं तर विजेवर वाजणारं बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानच्या तैशोगोतो या वाद्यात, ते १९१२ मध्ये नागोयात जन्माला आलं. टेम्पोवर जनरेटर गुरगुरतो आहे, ताशेवाले ताशे तापवताहेत, पोरं नाचायला उतावीळ झाली आहेत, आणि बेंजोवाला फुटपाथच्या कडेला बसून एकेक तार छेडतो आहे, कान वाद्याला लावून. एक स्क्रू फिरवतो, तीच तार पुन्हा छेडतो, मग पुढची. त्यातल्या एकालाही कोणी सेटअपचा क्लास घेऊन शिकवलेलं नाही. वाद्य बिघडलं तर त्या रात्रीची बिदागी जाते, म्हणून ते शिकले. या खिडकीतून मी त्यांना दरवर्षी बघते, आणि त्यांच्या हाताला घाई नसते.

आणि ॲक्शनसाठी तू १.२ मिलिमीटरचा आकडा कुठून आणलास? मित्राच्या गिटारीवरून. त्याची गिटार सात तारांची, तो पातळ पिकनं हळुवार वाजवतो. तू दीड मिलिमीटरच्या पिकनं आठव्या तारेवर घाव घालतोस. त्याची ॲक्शन तुझ्या हाताला कशी चालेल? बाराव्या फ्रेटवर बारीक तारेला दीड आणि सगळ्यात जाड तारेला दोन मिलिमीटर, इथून सुरुवात कर. मग तुझ्या नेहमीच्या जोरानं अर्धा तास वाजव, खरखर कुठे आणि किती येते ते ऐक, आणि पाव फेऱ्यानं वर किंवा खाली जा. आकडा निघायचा तो तुझ्या मनगटातून निघेल.

इंटोनेशनचं आज फार बोलत नाही, नट नवा बसेपर्यंत त्याला अर्थ नाही. एवढंच लक्षात ठेव. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला सूर जुळले पाहिजेत. दाबलेला चढा लागला तर सॅडल मागे, उतरलेला लागला तर पुढे. जाड तार बोटाच्या जोरानंच चढते, तेव्हा वाजवताना दाबतोस तेवढंच दाबून बघ. मोबाइलच्या भरवशावर राहू नकोस, ४१ कंपनं त्याच्या मायक्रोफोनला धड ऐकू येत नाहीत. केबलनं ट्यूनर जोड आणि मोकळ्या तारेऐवजी बाराव्या फ्रेटवरच्या हार्मोनिकनं सूर लाव.

आणि हे एकदा करून संपणारं नाही. बाहेर बघ, खाडीवरून येणारी ही ओल लाकडात शिरतेच आहे. तुझ्या खोलीत रात्रभर एसी, दिवसा खिडक्या उघड्या. ऑक्टोबरचा उकाडा आला की नेक पुन्हा हलेल, डिसेंबरात पुन्हा. त्या वेळी तुझ्याजवळ आजचे आकडे असतील तर दहा मिनिटांचं काम आहे. नसतील तर पुन्हा भिजत इथे येशील आणि पुन्हा कंपनीला दोष देशील.

तुला रागावते आहे, कारण तुझा कान चांगला आहे. मागच्या वर्षी माझ्या सहा तारांच्या गिटारीची तिसरी तार चढी आहे हे माझ्याआधी तू ओळखलं होतंस. तो कान असताना तू कानशीवर विसंबलास. सहा महिने पगारातले पैसे बाजूला टाकून घेतलेलं वाद्य आहे हे. घरच्यांनी नाकं मुरडली तरी घेतलंस. त्याच्याशी इतका घाईनं कसा वागलास?

ऊठ. कपाटात दोनशे पानी वह्या आहेत, त्यातली एक घे. पहिल्या पानावर आजची तारीख घाल. खाली आठ तारा, प्रत्येकीचा गेज, प्रत्येकीचा सूर. नट नवा लागेल, हाडाचा. पुढच्या रविवारी आपण तो बसवू. तू घासशील, मी शेजारी बसेन. कानशीचा एक हात, मग तार चढवून छेडायची, मग दुसरा हात. आज फक्त मोजायचं. रॉडला हात नाही, सॅडलला हात नाही.

कॅपो लाव पहिल्या फ्रेटवर. बोट ठेव, हां, जिथे नेक बॉडीला मिळते तिथे. आता आठव्या फ्रेटवर पाव मिलिमीटरचं पातं घाल. ढकलू नकोस, सहज जातं का बघ. नाही? पंधरा शतांशाचं घाल. पाच शतांशाचं? तेही नाही ना. मग तारखेसमोर लिही, नीट अक्षरात. नेकचा बाक, शून्य.